गॅलरी गप्प बसली तो दिवस

कोल्हापूरच्या फुटबॉल मैदानावर मी सतरा वर्षं पंच होतो. एवढ्या काळात मला आंधळा म्हणून झालं, तिरळा म्हणून झालं, पलीकडच्या पेठेचा जावई म्हणून झालं. एकदा तर अख्ख्या गॅलरीनं तोंडावर हात मारून माझ्या नावानं बोंब ठोकली होती. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आमच्याकडं पंचाला शिव्या देणं हा सामन्याचाच भाग असतो. वाईट वाटलं ते एकाच दिवसाचं, ज्या दिवशी मला कुणीच काही बोललं नाही. त्या दिवसाविषयी लिहायचं आहे, पण त्याआधी माझ्या छातीविषयी सांगायला हवं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी चाळिशीच्या उंबऱ्यावर होतो. मूळचा मुरगूडचा, पण शहरातल्या एका हायस्कुलात खेळाचा शिक्षक म्हणून लागलो आणि इथलाच झालो. एका सकाळी प्रार्थनेला पोरांच्या रांगांसमोर सावधान उभा होतो आणि छातीत काहीतरी भलतंच झालं. ठोका पडायला हवा तिथं पडलाच नाही. मग एकदम मोठा धपका बसला. जिन्याची अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. पुढचे ठोके पुन्हा सरळ रांगेत. प्रार्थना संपली, पोरं वर्गात गेली, आणि मी झेंड्याच्या खांबाला धरून तसाच उभा राहिलो.

पंचाला शंका परवडत नाही. फाउल आहे का नाही हे डोळ्याची पापणी लवायच्या आत ठरवायचं असतं, आणि एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी बदलायचं नसतं. मला माझ्या या गुणाचा फार अभिमान होता. पण स्वतःच्या छातीबद्दल, घाबरायचं का नाही एवढं एक, मला दोन वर्षं ठरवता आलं नाही. कधी महिनाभर काही नसायचं. कधी एका दुपारी दहा वेळा व्हायचं. चहा प्यायल्यावर व्हायचं, वर्तमानपत्र वाचताना व्हायचं, स्टाफरूममध्ये मुख्याध्यापक बोलायला लागले की हमखास व्हायचं. पळताना मात्र कधी जाणवलं नाही. त्याचाही मी उलटाच अर्थ लावला. पळताना लक्ष बॉलवर असतं म्हणून कळत नसेल, असं स्वतःला सांगून आणखी घाबरलो.

कुणाला सांगायचं धाडस नव्हतं. हाच माणूस पोरांना मैदानाला चार चार फेऱ्या मारायला लावतो आणि याचंच घड्याळ बिघडलंय, हे लोकांच्या तोंडी नको होतं. मी गुपचूप नाडी मोजायला लागलो. गळ्यात शिट्टीबरोबर स्टॉपवॉच असायचंच. दिवसातून पन्नास वेळा मोजायचो आणि मोजून मोजून बेजार व्हायचो.

बायकोनं मला जेवताना पकडलं. ती आमच्याच गल्लीत बालवाडी चालवायची. रोज चाळीस चिल्लीपिल्ली सांभाळणाऱ्या बाईपासून काही लपवणं म्हणजे वेडेपणाच. माझा उजवा हात खरकटा, म्हणून डाव्या हाताची दोन बोटं गळ्याशी.

"गळ्याला काय झालंय?" तिनं विचारलं.

"काही नाही. खाजतंय."

"दोन महिने बघतेय. खाजवत तर कधी नाही. नुसतं धरून बसताय."

मग सगळं सांगावं लागलं. ती कुरुंदवाडची. त्या बाजूची माणसं रडतात कमी आणि उठतात लवकर. तिनं ताट बाजूला सारलं, हात धुतले आणि पायात चप्पल सरकवली. मी उष्ट्या हातानं तिच्याकडं बघत बसलो होतो. तासाभरात आम्ही डॉक्टरांच्या दारात होतो.

डॉक्टर शांत माणूस. त्यांनी छाती तपासली, कार्डिओग्राम काढला. त्या मिनिटभरात माझं हृदय वर्गात साहेब आल्यावर पोरं वागतात तसं शहाण्यासारखं वागलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही सांगता त्यावरून वाटतं की ठोका चुकत नाही. एक जादाचा ठोका वेळेआधी पडतो, मग हृदय जरा थांबतं, आणि पुढचा ठोका जोरात येतो. बहुतेकांना यात काही धोका नसतो. पण तुम्ही पळणारे आहात, तेव्हा पळताना हे वाढतात का कमी होतात ते बघायला हवं. अंधारी आली, चक्कर आली तर थांबायचं आणि इकडं यायचं." त्यांनी कपाटातून वॉकमनएवढं एक यंत्र काढलं. छातीला वायरी चिकटवायच्या, यंत्र कमरेला बांधायचं आणि चोवीस तास फिरायचं. सोबत एक वही. किती वाजता काय केलं आणि छातीत काय वाटलं ते तीत लिहायचं. "रोज जे करता ते सगळं करा," ते म्हणाले. "फक्त अंघोळ नको."

यंत्र आधीच दुसऱ्या पेशंटसाठी ठरलेलं होतं; ते मोकळं होणार तो दिवस नेमका उपांत्य सामन्याचा निघाला. मला वाटलं डॉक्टर नको म्हणतील. ते म्हणाले, "मग तर उत्तमच. खेळवा सामना."

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "हे बघा, मी आज काही बोलत नाही. पण त्या यंत्रात वावगं काही निघालं तर शिट्टी बंद. त्यावर चर्चा नाही."

मी हो म्हणालो. म्हणालो खरा, पण मनातून नाही. शाळेत मी खेळाचा मास्तर, गणिताच्या मास्तरांनी तास मागितला की मुकाट्यानं देणारा. घरी मी घरातला. मैदानावर मात्र बावीस आडदांड गडी आणि हजारो माणसं माझ्या एका फुंकरीनं थांबायची. ती शिट्टी गेली तर उरलेला मी मला फारसा आवडला नसता. हे तेव्हा कुणाला बोललो नाही, आज लिहितोय.

आता मावशीबद्दल. त्या सामन्यात ज्या दोन पेठांचे संघ भिडणार होते, त्यांची नावं मी सांगत नाही. सांगितली तर आजही कुणीतरी भांडायला घरी येईल. त्यातल्या एका पेठेची ही मावशी, साठीच्या पुढची, नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली. सामन्याच्या दिवशी गॅलरीच्या खालच्या पायरीवर भाजक्या शेंगांची पाटी घेऊन बसायची. शेंगा कोडोलीकडच्या, आणि आवाज देवानं मोकळ्या हातानं दिलेला. मी पंच म्हणून उतरलो त्या पहिल्या सामन्यापासून ती मला तिथून झोडपत होती.

"अरं ए मास्तर! डोळं हाईत का शर्टाची बटणं?"

"शिट्टीत खडं भरल्यात काय रं? वाजीव की!"

तिनं तोंड उघडलं की मागची गॅलरी उचलून धरायची. आणि खरी गंमत म्हणजे बाईला खेळ कळायचा. ऑफसाइड कशाला म्हणतात हे आमच्या दोन लाइनमनना कळत नव्हतं तेवढं तिला कळत होतं. मी चुकलो की तिचा आवाज एका विशिष्ट पट्टीत यायचा, आणि नुसतंच पेठेच्या बाजूनं ओरडायचं असेल तेव्हा दुसऱ्या. हा फरक मी मनात ओळखायचो, तिला कधी कळू दिलं नाही. हीच बाई बाजारात भेटली की पदर सारखा करून म्हणायची, "मास्तर, घ्या की दोन शेंगा. गरम हाईत." मैदानात अरे-तुरे आणि बाहेर अहो-जाहो. इतकी स्वच्छ वाटणी मी भल्याभल्यांकडं पाहिलेली नाही.

उपांत्य सामन्याच्या दिवशी फाटकातून आत जाताना ती समोरच आली. जर्सीखालचा फुगवटा तिच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

"मास्तर, कमरंला काय बांधलंया?"

"छातीचं यंत्र आहे मावशी. ठोके टिपतंय."

"म्हंजी आताच्या म्याचमधलं बी ह्यात उतरणार?"

"उतरणार की. उद्या सकाळपर्यंत सगळं उतरणार."

"आन त्ये बघून डाक्तर काय ठरीवणार?"

"शिट्टी ठेवायची का सोडायची ते," मी हसत म्हणालो.

ती हसली नाही. तिनं माझ्या छातीकडं पाहिलं, पाटी डोक्यावर घेतली आणि निघून गेली. त्या दिवशी शेंगा दिल्या नाहीत, हे माझ्या ध्यानात आलं, पण मी मनावर घेतलं नाही.

सामना सुरू झाला. दुसऱ्याच मिनिटाला मी मावशीच्या पेठेविरुद्ध फ्री किक दिली आणि सवयीनं खांदे आवळले. पाऊस अंगावर येणार म्हणून माणूस आवळतो, तसे. काहीच आलं नाही. गॅलरी भरलेली, माणसाला माणूस चिकटलेला, आणि चकार शब्द नाही. मला वाटलं मागं काहीतरी अपघात झाला. वळून पाहिलं तर सगळे माझ्याकडंच बघत होते, परीक्षेच्या हॉलबाहेर पालक उभे असतात तसे.

दहा मिनिटांत उलगडा झाला. मावशीनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मास्तरच्या छातीला यंत्र लावलंय, आज जो आवाज कराल तो त्यात उतरणार, आणि त्यावरून डॉक्टर त्याची शिट्टी काढून घेणार. आपल्या पेठेला सांगून ती थांबली नाही. समोरच्या पेठेच्या गॅलरीत तिनं वीस वर्षं पाऊल ठेवलं नव्हतं. पाटी डोक्यावर घेऊन तिथंही जाऊन आली. हे मला नंतर लाइनमननं सांगितलं. तिला बघून तिथली माणसं आधी उठून उभी राहिली, भांडायलाच आली म्हणून.

कोल्हापूरचं मैदान गप्प असलं की काय काय ऐकू येतं ते मला त्या दिवशी कळलं. बुटांचे खिळे जमिनीत रुततात ते ऐकू आलं. बाहेर रस्त्यावर रिक्षावाला कुणाशी तरी घासाघीस करत होता ते ऐकू आलं. शेंगांची टरफलं फुटत होती. आमच्याकडं माणूस शेजारच्याला मीठ मागतो तेही पलीकडच्या गल्लीत कळतं, आणि इथं हजारो माणसं श्वास धरून बसली होती. खेळाडूंचंही तेच. एरवी माझ्या नाकाला नाक लावून भांडणारा कॅप्टन हात पाठीमागं बांधून आला आणि म्हणाला, "बरोबर हाय, सर." एकानं दुसऱ्याला पाडलं आणि लगेच हात देऊन उठवलं. मला रडावं का हसावं कळेना. खरं तर मला रागच आला. हे सगळे मिळून मला आजारी करून टाकतायत असं वाटलं.

आणि मग मी चुकलो.

दुसरा हाफ अर्धा सरला होता. मावशीच्या पेठेच्या फॉरवर्डला मागून पास आला, त्यानं तो छातीवर घेतला, आणि तो मारणार एवढ्यात मी ऑफसाइडची शिट्टी वाजवली. बॉल जाळ्यात गेला तो शिट्टीनंतर. मी लाइनमनकडं पाहिलं. त्याचं निशाण खाली होतं. तो माझ्याकडं बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं. ऑफसाइड नव्हती. फॉरवर्ड आणि गोलकीपर यांच्यामध्ये एक बचावपटू उभा होता, तो मला दिसलाच नव्हता. पण शिट्टी आधी वाजलेली, खेळ थांबलेला. आता गोल देता येत नव्हता.

फॉरवर्डनं तोंड उघडलं. कॅप्टननं मागून येऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. मी गॅलरीकडं पाहिलं. मावशी उभी होती. तिला कळलं होतं, तिला तर आधी कळलं असणार. तिनं पदराचा बोळा करून तोंडात धरला होता आणि दोन्ही हात पाटीतल्या शेंगांत खुपसले होते. तिच्या मागं सगळी पेठ उभी होती आणि एक शब्द नाही. शेवटच्या पाच मिनिटांत समोरच्यांनी गोल केला आणि मावशीची पेठ स्पर्धेबाहेर गेली. वर्षभर वाट बघितलेली स्पर्धा. माणसं पायऱ्या उतरून निमूट घरी गेली. जाता जाता दोघा-तिघांनी माझ्या खांद्याला हळूच हात लावला.

चार दिवसांनी डॉक्टरांकडं गेलो. बायको शेजारी बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. डॉक्टरांनी कागद उलगडले. सकाळी शाळेत थोडे जादा ठोके होते, जेवणानंतर थोडे. "आणि चार वाजल्यापासून बघा," ते म्हणाले, "तुम्ही पळताय, वेग वाढलाय, आणि जादाचा एकही नाही. हेच मला बघायचं होतं. घाबरायचं कारण नाही." मग त्यांचं बोट एका जागी थांबलं. "इथं मात्र वेग जरा उतरलाय आणि दोन मिनिटांत सहा आहेत. सुटे सुटे, धोक्याचे नाहीत. पण वहीत काही लिहिलेलं दिसत नाही. इथं काय झालं होतं?"

मी वेळ पाहिली. "इथं माझं चुकलं होतं," मी म्हणालो.

डॉक्टर इथलेच. त्यांना सगळी हकिगत सांगितली तेव्हा चष्मा काढून ते बराच वेळ हसले.

बाहेर पडून मी तसाच मावशीच्या घरी गेलो. ती दारातल्या भट्टीवर, लोखंडी कढईत वाळू तापवून शेंगा भाजत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "मावशी, तो गोल होता."

"ठावं हाय मला. निशाण खालीच हुतं."

"मग बोललात का नाही?"

तिनं उलथणं फिरवायचं थांबवलं नाही. "बोलली असती तर समदी गॅलरी उठली असती. त्या यंत्रात काय उतरलं असतं कुणाला ठावं? गोल काय, फुडल्या साली आनखी मारतील. पर आमच्या शिव्या खाऊन बी फुडल्या म्याचला येळंवर येनारा पंच कुठनं आनायचा?"

माझे डोळे भरून आले आणि मी ते धुरावर ढकललं. सतरा वर्षांत मला मैदानावर ढाली मिळाल्या, शाली मिळाल्या, भाषणं झाली. त्या बाईनं गिळलेल्या त्या एका गोलाएवढं मोठं मला कुणी काही दिलं नाही. मी तिला सांगितलं की डॉक्टर म्हणतात काळजीचं काही नाही, आता खुशाल ओरडा.

"खरं सांगताय?" तिनं माझ्याकडं रोखून पाहिलं. "मास्तरीनबाईंना ठावं हाय?"

बायकोला ठाऊक होतं, पण तिचं समाधान झालं नव्हतं. कागद तिनं तीनदा वाचला, घडी घालून कपाटात ठेवला, आणि तरी रोज सकाळी "कसं वाटतंय?" विचारायची थांबली नाही. डॉक्टरांनी ठरवलं होतं, मीही बऱ्यापैकी ठरवलं होतं, हिचं ठरत नव्हतं. पुढच्या महिन्यात दुसरी स्पर्धा सुरू झाली तेव्हा ती म्हणाली, "मी येते. मला डोळ्यांनी बघायचंय." लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि ती पहिल्यांदा मैदानावर आली. मावशीनं शेंगांची पाटी सरकवून तिला आपल्या शेजारी जागा दिली.

सामना सुरू झाला आणि पुन्हा तेच. गॅलरी गप्प. डॉक्टरांचा निकाल सगळीकडं पोचला होता, तरी पहिला शब्द काढायला कुणी धजत नव्हतं. मावशीची पेठ खेळत होती आणि मावशीसुद्धा गप्प होती. दहा मिनिटं गेली. मला वाटलं, संपलं. माझी छाती शाबूत आहे, पण हे लोक मला आता कायम असंच जपणार, आणि असं जपून घेत मला इथं उभं राहता येणार नाही. हे बूट आज शेवटचे.

तिकडं पायरीवर काय चाललं होतं ते मला बायकोनं घरी आल्यावर सांगितलं. मैदानात माझ्यापासून चार हातांवर एकानं दुसऱ्याला मागून पाडलं होतं. मी शिट्टी तोंडाशी नेली आणि नेमका तेव्हा छातीतला ठोका चुकला. मी थबकलो. तिथं मावशी कासावीस होऊन बायकोकडं वळली आणि हळूच म्हणाली, "बाई, वरडू का?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी उभा होतो, हात अर्ध्यावर. ती म्हणाली, "थांबा मावशी. आधी मी."

आणि चाळीस पोरांना एका हाकेत गप्प करणारा आवाज त्या शांत मैदानावरून माझ्या कानावर येऊन आदळला.

"अहो! दिसत नाही का? पाडलं की त्याला!"

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग मावशी उठली, "अरं ए मास्तर! घरातनं सांगावं लागतंय व्हय रं!" आणि तिच्या मागची सगळी गॅलरी, आणि समोरची गॅलरी, दोन्ही पेठा मिळून माझ्यावर कोसळल्या.

माझी दोन बोटं गळ्याकडं निघाली होती, ती मी खाली आणली. शिट्टी जोरात वाजवली. फाउल होताच.